पाचगणीची थंडी, साताऱ्याचा पाऊस आणि अंगणातले कॅक्टस : नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या अकरा कॅक्टसमधले नऊ पाचगणीला मामाच्या अंगणात मेले. मी साताऱ्यात गोडोलीत राहतो, गच्चीवर कुंड्या बऱ्या चालल्या होत्या, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं अकरा रोपं पासरणीचा घाट चढवून वर नेली आणि घरापुढं मावली तेवढ्यांना मस्त गोल आळं करून लावली. मामी तेव्हाच म्हणाली, "अरे, इथली थंडी सोसायची नाही त्यांना, जानेवारीत गवतावर पांढरं गोठलेलं दिसतं सकाळी." जानेवारी आला, गेला, एकालाही काही झालं नाही, उलट एकदोन मार्चमध्ये फुलले पण. मी मामीला फोटो पाठवून टेंभा मिरवून घेतला. जुलैत गेलो तर नऊ झाडं बुडातून मऊ पडलेली, बोट लावलं की आत जातंय, आणि वास तर विचारू नका. दोन जगली होती ती कुठली, तर बांधकामातून उरलेल्या विटा-खडीच्या ढिगावर जागा नव्हती म्हणून कशीतरी खोचलेली.

म्हणजे आळं करून मी स्वतःच त्या नऊ झाडांच्या बुडाशी पाणी साठवायची सोय केली होती. आपल्याकडं कॅक्टस बाहेर लावताना सगळी डोकेफोड ओलीची आहे, थंडीची नाही, हे तेव्हा कळलं आणि खाली जे काय सांगतोय ते सगळं त्या एका गोष्टीभोवतीच फिरतंय.

कॅनडात बाहेर अंगणात कॅक्टस जगतात हे ऐकून मला आधी खोटं वाटलं होतं. पण तिथं जंगली कॅक्टस आहेतच, ओपन्शिया फ्रॅजिलिस नावाचा आपल्या फड्या निवडुंगाचा बुटका चुलतभाऊ अल्बर्टापर्यंत वर वाढतो, उणे ३० च्या खालीसुद्धा मरत नाही. तो करतो काय, तर दिवस लहान व्हायला लागले की स्वतःच अंगातलं पाणी कमी करतो, फडे सुरकुततात, आडवे पडतात, अगदी मेल्यासारखे दिसतात. पेशीत पाणी कमी आणि साखर-चिकट रस जास्त राहिला की आत बर्फ होऊन पेशी फुटत नाहीत. वरून बर्फाचं पांघरूण असतं ते निराळंच. वसंत आला की परत पाणी पिऊन टुमटुमीत. आणि गंमत अशी की हीच झाडं इंग्लंडमध्ये, जिथं थंडी त्या मानानं काहीच नाही, तिथं हिवाळ्याच्या पावसानं कुजतात, म्हणून तिकडचे लोक त्यांच्यावर काचेचं छप्पर धरतात. तेव्हा मामाची जुलैतली पाचगणी ही कॅनडापेक्षा इंग्लंडच्या जवळची आहे असं समजा, फक्त तिकडं हिवाळी पाऊस आणि आपल्याकडं चार महिने धो धो.

आधी कॅक्टस कुठला ते ओळखा

आपण काटे दिसले की सरसकट निवडुंग म्हणतो. कुंपणाला असतो तो तीन धारांचा, तोडला की पांढरा चीक येणारा, तो कॅक्टस नाहीच, तो युफोर्बिया, आणि तो चीक डोळ्यात गेला तर डॉक्टरकडं पळावं लागतं, तेव्हा जपून. खरा कॅक्टस ओळखायचा तर काटे बघायचे, ते कापसाच्या ठिपक्यासारख्या छोट्या गादीतून झुबक्यानं निघतात. शिवाय बहुतेक कॅक्टस तोडले तर पाण्यासारखा रस येतो, चीक नाही. माण-खटावला, जतकडं बांधावर दिसतो तो फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तोसुद्धा मूळचा आपला नाही, अमेरिकेतून आलेला. इंग्रजांच्या काळात लाल रंग देणारे किडे पोसायला म्हणून असले निवडुंग हिंदुस्थानात आणले, रंगाचा धंदा फसला आणि निवडुंग मात्र मुक्कामाला राहिला.

जागा

सातारा जिल्ह्याची गंमत माहीत असेलच, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून शंभरएक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीवर रिकामे होतात, पलीकडं कोरडं. हेच तुमच्या घराबाबतीत करायचं, घर म्हणजे तुमचा छोटा सह्याद्री. पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तर कॅक्टसचा वाफा घराच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला घ्या. सकाळचं ऊन मिळतं, झोड लागत नाही, आणि रात्री भिंत दिवसभराची ऊब सोडते ती थंडीत उपयोगी पडते.

पण भिंतीला चिकटून नाही हं. कौलं किंवा पत्र्याच्या पागोळ्या जिथं पडतात ती रेघ जमिनीवर दिसतेच, तिथं कॅक्टस लावला तर तो माझ्या त्या नऊ झाडांच्या वाटेनं गेला म्हणून समजा. एकतर पागोळीच्या आत, पूर्ण कोरड्यात, नाहीतर तिच्यापासून चांगलं दोन-तीन फूट बाहेर. ऊन निदान पाच-सहा तास पाहिजे. झाडाखाली लावू नका, सावली तर होतेच, वर पावसाळाभर पानं गळून बुडाशी कुजत बसतात.

पाचगणी-महाबळेश्वरला अजून एक बघा, थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली वाहत येऊन खोलगट जागेत साठते. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या त्यामुळंच, गावात वर तेवढं नसतं. अंगण उताराचं असेल तर वरचं टोक कॅक्टसला, खालचं टोक तुमच्या कोथिंबीर-मेथीला.

वाफा आणि माती, इथं कंजुषी करू नका

खड्डा खणायचा नाही. परत सांगतो, खणायचा नाही. काळ्या किंवा चिकट तांबड्या मातीत खड्डा खणून त्यात कितीही भारी मिश्रण भरलं तरी तो पावसाळ्यात बादलीसारखा भरतो आणि आतलं झाड त्या बादलीत उभं राहतं. वाफा जमिनीच्या वर उचलायचा, एक ते दीड फूट, कडेनं दगड रचायचे पण सिमेंटनं बुजवायचे नाहीत, फटीतून पाणी निघून गेलं पाहिजे. तळाला सहा इंच विटांचे तुकडे, फुटकी कौलं, दगडगोटे. वरचा भाग सपाट नको, मधे उंच आणि बाजूंना उतार, ढिगासारखा.

मिश्रणाला मी घमेल्याचा हिशोब धरतो. सातारा, कराड, वाई असल्या मध्यम पावसाच्या ठिकाणी ३ घमेली मुरूम किंवा बारीक खडी, १ घमेलं साधी बागेची माती, १ घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत. पाचगणी, महाबळेश्वर, मेढ्याकडं खडी-मुरूम ४ घमेली आणि माती-खत मिळून एकच. माण, आटपाडी, जतला उलट, तिथं माती जराशी वाढवली तरी चालतं कारण उन्हाळ्यात पाणी लगेच उडून जातं.

मुरूम चाळून घ्यायचा. वाळूच्या चाळणीवर मारला की भुकटी खाली पडते ती टाकून द्यायची आणि वरचे हरभऱ्याएवढे-ज्वारीएवढे खडे ठेवायचे. क्रशरवर सहा एमएमची खडी मिळते ती पण उत्तम, मात्र तिथली डस्ट घेऊ नका, स्वस्त मिळते म्हणून मी एकदा दोन पोती आणली आणि पावसानंतर ती अशी घट्ट बसली की पहार लावून फोडावी लागली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर या कामाला पूर्ण बाद. एकदा भिजलं की पावसाळाभर ओलं, आणि उन्हाळ्यात कडक वाळलं की पाणी शोषूनच घेत नाही, दोन्ही बाजूंनी तोटा. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख काही जण फुकट मिळते म्हणून घालतात, तीही नको, क्षार वाढतात.

तयार झालं की तांब्याभर पाणी एका जागी ओतून बघा. दहा-बारा सेकंदांत दिसेनासं झालं पाहिजे. तळं साठून राहिलं तर अजून खडी.

आणि दगड आणायला कास पठारावर जाऊ नका कृपा करून. २०१२ पासून ते जागतिक वारसा आहे ते सोडा, त्या जांभ्याच्या फटीफटीत छोटी छोटी झाडं बिचारी मूठभर मातीवर जगत असतात. शेताच्या बांधावरचे दगड चालतात की.

कुठली झाडं घ्यायची

इथं माझं मत जरा पक्कं आहे. नवख्यानं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराळ भागातल्या कॅक्टसपासून सुरुवात करावी, कारण तिकडंही पाऊस उन्हाळी महिन्यांत आणि हिवाळा कोरडा-थंड, म्हणजे ऋतूंचं चक्र आपल्यासारखंच, फक्त पाऊस खूप कमी. इचिनोप्सिस सगळ्यात सोपा, बुडाशी पिलं देतो, रात्री उमलणारी वीतभर लांब फुलं येतात. लोबिव्हिया, रिब्युशिया ही बुटकी मंडळी, यांना हिवाळ्यात थंड आणि कोरडी विश्रांती मिळाली तरच नीट फुलं धरतात, म्हणजे पाचगणीची जी थंडी मामीला अडचण वाटत होती ती यांच्यासाठी फायद्याचीच निघाली. उंच पाहिजे तर क्लाइस्टोकॅक्टस स्ट्राउसी, पांढऱ्या लोकरी काट्यांचा खांब, बोलिव्हियाच्या डोंगरातला, कोरडा ठेवला तर शून्याखालीही तग धरतो. ढिगावर जगलेल्या दोघांतला एक हाच.

दुसरा होता साधा फड्या. न चुकणारं झाड शोधायचं तर हाच, खांबासारखा वाढणारा सिरियसही तसाच दांडगा. गोल्डन बॅरल साताऱ्यात, सांगलीत बाहेर छान होतो, वर डोंगरात छपराखालीच. जिम्नोकॅलिशियम थोडी सावली चालवून घेतं.

घेऊ नका ते सांगतो. लाल-पिवळा गोळा हिरव्या दांड्यावर बसवलेला मून कॅक्टस, सगळ्यात आधी तोच घेतात सगळे. त्याचा खालचा दांडा ड्रॅगनफ्रूटच्या वेलाचा असतो, आपल्या सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीला बागा आहेत तेच ड्रॅगनफ्रूट, उष्ण भागातलं पीक, त्याला पाचगणीची थंडी चालत नाही, दांडा कुजतो आणि वरचा गोळा पडतो. मेलोकॅक्टस, डोक्यावर लाल टोपी असलेला, तोही उष्ण समुद्रकाठचा, खाली घरात ठेवा. ॲस्ट्रोफायटम देखणा आहे पण पहिल्या दोन वर्षांत नको, ओल अजिबात माफ करत नाही. आणि रंगीत कोरडी फुलं असलेले घेताना फूल हलवून बघा, बऱ्याच वेळा ते गरम गोंदानं चिकटवलेलं असतं.

परदेशात भाऊ-बहीण असेल आणि तिकडं बर्फाच्या गावात अंगण असेल तर त्यांनी ओपन्शिया फ्रॅजिलिस, ओपन्शिया पॉलिअकँथा, एस्कोबेरिया व्हिव्हिपारा, इकिनोसिरियस ट्रायग्लोकिडिएटस यातलं बघावं. वाफा मात्र हाच, उंच आणि खडीचा.

लावायचं कसं

वेळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. पावसाच्या तोंडावर लावू नका, मुळं धरायला दोन-तीन महिने पाहिजेत. दसऱ्यानंतर लावलं तरी चालतं, पण मग हिवाळ्यात पाणी बंद करायचं असतं आणि मूळ धरलेलं नसतं, तारांबळ होते.

नर्सरीतलं रोप आणलं की कुंडीतून काढून मुळांची सगळी कोकोपीट झाडून टाका, चिकटून बसली असेल तर काडीनं हळूहळू. मुळं तुटतील थोडी, तुटू देत. मग रोप सावलीत तसंच उघड्या मुळांनी चार-पाच दिवस कागदावर पडू द्या. माझ्या बायकोला हे बघून राहवत नव्हतं, म्हणाली पाणी तरी घाला त्याला, तहानेनं मरेल. नाही मरत. जखमा सुकतात, आणि ओल्या मातीत ताज्या जखमेनं गेलं तर मात्र सडतं.

लावताना पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच खाली, त्यापेक्षा खोल नाही. बुडाभोवती वरून इंचभर नुसती खडी पसरा, म्हणजे पावसाचे थेंब आपटून चिखल अंगावर उडत नाही आणि बूड कोरडं राहतं. पहिलं पाणी आठवड्यानं. आणि नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर ज्या बाजूला ऊन त्या बाजूला पांढरा-पिवळा डाग पडतो तो कायमचा, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दुपारी जुनी ओढणी नाहीतर शेडनेट धरा.

फड्याचा फडा किंवा सिरियसचा तुकडा लावायचा तर तोडून सावलीत दहा दिवस सुकवा, कापलेली बाजू चामड्यासारखी झाली की एक तृतीयांश खडीत खोचा, झालं.

छप्पर

पाचगणी-महाबळेश्वरवाल्यांना छपराशिवाय गत्यंतर नाही. तिकडं पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधायची पद्धत आहे, घराला लागतं ते कॅक्टसला लागणारच. मृग नक्षत्र निघायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, चार बांबू नाहीतर पाइप रोवून वर पारदर्शक पॉलिकार्बोनेट किंवा जाड यूव्ही प्लास्टिक, पश्चिमेकडं उतार, झाडांच्या वर निदान दोन-अडीच फूट मोकळं. बाजू उघड्या ठेवायच्या, फक्त पश्चिमेची बाजू अर्धी झाका. सगळीकडून गुंडाळलं की आत घाम येतो, धुकं कोंडतं, बुरशी लागते, मी हेही करून बसलोय.

महाबळेश्वरला धुक्यात दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा झाडं फिकट होऊन टोकाला निमुळती वाढतात. त्याला इलाज एकच, त्या काळात पाण्याचा एक थेंब नाही, म्हणजे वाढच होत नाही. लहान रोपं कुंडीत असतील तर सरळ खिडकीत आणा.

साताऱ्यात मी मोठ्या झाडांना छप्पर करत नाही. उंच वाफा, खडी आणि उतार एवढ्यावर निघतं. परतीचा पाऊस हस्तात संपला की छप्पर काढायचं, पण एखाद्या ढगाळ दिवशी, नाहीतर परत ऊन भाजतं.

पाणी आणि खत

मार्च ते मे वाफ्याला आठ-दहा दिवसांनी भरपूर, कुंडीला पाच-सहा दिवसांनी. घालायचं तर खालपर्यंत भिजेल असं, रोज शिंतोडे मारायचे नाहीत. वळीव पडला की त्या आठवड्याची पाळी चुकवा. जून ते सप्टेंबर बाहेरच्याला काहीच नाही, छपराखालच्याला साताऱ्यात महिन्यातून एकदा. ऑक्टोबरात दोन वेळा, नोव्हेंबरात एकदा, मग डिसेंबर-जानेवारी पूर्ण बंद. या दोन महिन्यांत झाडं जराशी आक्रसतात, बघून हात शिवशिवतो, पण हेच ते, कॅनडातला ओपन्शिया जे करतो ते. पाण्यानं टम्म असलेल्या कॅक्टसला थंडी बाधते, आक्रसलेल्याला नाही.

बोअरचं पाणी जड असेल, सांगली-मिरजेकडं बऱ्याच ठिकाणी असतं, तर बुडाशी पांढरं क्षाराचं कडं दिसायला लागतं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी एका टाकीत धरून ठेवलं की कॅक्टसपुरतं वर्ष निघतं.

युरिया चुकूनही नको, झाड फुगतं, मऊ होतं आणि थंडीत पहिलं जातं. तासगाव-पलूसकडं द्राक्षवाले पाहुणे असतील तर त्यांच्याकडं ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत पडलेलं असतंच, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, मार्च आणि ऑक्टोबरात एकेकदा. बस.

सडायला लागलं तर

बूड तपकिरी, मऊ, झाड एका बाजूला कललं, की वाट बघायची नाही. धारदार सुरी, स्पिरिटनं पुसलेली, आणि वरच्या चांगल्या भागापासून कापत जायचं. कापलेल्या चकतीत मधे एक कडं दिसतं, त्यात तपकिरी-नारिंगी ठिपका असेल तर अजून वर कापा, प्रत्येक कापाला सुरी पुसा, पूर्ण हिरवं-पांढरं दिसेपर्यंत. मग गंधकाची भुकटी नाहीतर दालचिनीची पूड लावून दोन आठवडे सावलीत. मग फड्यासारखंच खडीवर. पावसाळ्याआधी एकदा आणि मधे एकदा उघडीप बघून कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम फवारलं तर बुरशीचा त्रास खूप कमी होतो.

किडीत मुख्य पिठ्या ढेकूण, कापसासारखा पांढरा. थोडा असेल तर कानातल्या काडीला स्पिरिट लावून टिपा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, फवारायचं संध्याकाळी, उन्हात फवारलं तर डाग पडतात. एप्रिल-मेमध्ये लाल कोळी, कोवळा शेंडा गंजल्यासारखा होतो. आणि पावसाळ्यात गोगलगाई, काटे असूनसुद्धा रात्रीत रिब्युशियाचं डोकं खाऊन टाकतात. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट टाका, सकाळी उचलून खालच्या गोगलगाई मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ वाफ्यात टाकू नका म्हणजे झालं.

काट्यांचं

मोठे काटे दिसतात, फड्याची बारीक कुसळं दिसत नाहीत, आणि त्रास त्यांचाच. कापडी हातमोजे घालू नका, त्यात कुसळं अडकतात ती पुढचा महिनाभर टोचतात. वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी झाडाभोवती धरायची, फडा असेल तर स्वयंपाकघरातली सांडशी, घरात विचारून घ्या. कुसळं शिरलीच तर चोळायचं नाही, सेलोटेप चिकटवून ओढा, राहिली तर पांढऱ्या गोंदाचा थर देऊन वाळल्यावर सोलून काढा. लहान मुलं अंगणात खेळत असतील तर फड्या वाफ्याच्या मागच्या बाजूला आणि पुढं बुटके रिब्युशिया.

मामीकडं आता वाफा आहे, पूर्वेच्या बाजूला, दीड फूट उंच, चौदा झाडं. आळी कुणी केली होती ते ती अजून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.